क्षमा मागायला गेलेला राजपुत्र

२२ ऑगस्ट १८२९ या दिवशी सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात सोळा वर्षांचा एक मुलगा रशियाचा सम्राट निकोलस पहिला याच्यापुढे उभा राहिला आणि त्याने फारसीत भाषण केले. मुलाचे नाव खुस्रो मिर्झा. इराणचा शहा फतह अली हा त्याचा आजोबा, युवराज अब्बास मिर्झा हा बाप. सहा महिन्यांपूर्वी तेहरानमध्ये जमावाने रशियाच्या वकिलातीवर चाल करून राजदूतासह तीसहून अधिक माणसे कापून काढली होती. त्या हत्याकांडाची क्षमा मागण्यासाठी इराणच्या राजघराण्याने आपल्यातला हा मुलगा पाठवला होता.

प्रसंग जगाच्या इतिहासात नोंदलेला आहे, पण मुलगा त्यात जवळजवळ दिसत नाही. मारला गेलेला राजदूत अलेक्सांद्र ग्रिबोयेदोव हा रशियन भाषेतला थोर नाटककार होता. सेन्सॉरने अडवलेले त्याचे पद्यनाटक हस्तलिखित नकलांतून रशियाभर फिरले आणि आजही तिथल्या शाळकरी मुलांना त्यातल्या ओळी पाठ असतात. साहजिकच रशियन लेखकांनी ही कथा ग्रिबोयेदोवच्या मृत्यूची कथा म्हणून सांगितली. रत्नांच्या अभ्यासकांनी ती एका हिऱ्याची कथा म्हणून सांगितली. इराणी इतिहासकारांना त्या शिष्टमंडळातला एक तरुण कारकून महत्त्वाचा वाटला, कारण तो पुढे देशाचा सर्वांत मोठा सुधारक ठरला. या तिघांच्या मध्ये उभा असलेला खुस्रो मिर्झा सगळ्यांच्या हकिकतीत चार-दोन ओळींपुरता येतो आणि जातो. हे पुस्तक त्याला मध्यभागी आणून उभे करण्यासाठी लिहिले आहे. त्याच्या वाट्याला जे आले त्यातून त्याच्या काजार घराण्याचे इराण जितके उघडे पडते, तितके कोणत्याही शहाच्या चरित्रातून पडत नाही, असे मला वाटते.

त्यासाठी सुरुवात पीटर्सबर्गपासून न करता तब्रीझपासून करावी लागते.

फतह अली शहाने १७९७ ते १८३४ अशी सदतीस वर्षे राज्य केले. त्याला पन्नासाहून अधिक मुलगे होते, आणि राज्य चालवण्याची त्याची रीत या मुलांवरच उभी होती. मोठे सुभे त्याने मुलांना वाटून दिले. शिराझला एक, कर्मानशाहला एक, अझरबैजानात एक. प्रत्येक राजपुत्र आपल्या सुभ्यात आपला दरबार, आपला वजीर, आपली फौज बाळगून असे. महसूल गोळा करून तेहरानला ठरलेला भरणा करी आणि सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांशी बोलणीही तोच चालवी. म्हणजे सुभेदारी आणि वकिली ही दोन वेगळी कामे नव्हती. सीमेवरच्या राजपुत्राला दोन्ही करावीच लागत. आणि बाप डोळे मिटताच हे सगळे भाऊ एकमेकांचे वैरी होणार, हे तेहरानपासून शिराझपर्यंत सर्वांना ठाऊक होते. थोरला मुलगा मुहम्मद अली मिर्झा शूर होता, पण त्याची आई काजार कुळातली नव्हती. म्हणून युवराजपद धाकट्या अब्बास मिर्झाकडे गेले. थोरल्याने हे कधी मनापासून मान्य केले नाही. तो १८२१ मध्ये वारला नसता तर गादीचा वाद फार आधी पेटला असता.

अब्बास मिर्झाकडे अझरबैजानचा सुभा होता आणि तब्रीझ ही त्याची राजधानी. उत्तरेला काकेशसमध्ये रशिया पुढे सरकत होता, पश्चिमेला उस्मानी तुर्क होते. त्यामुळे इराणचे परराष्ट्र खाते प्रत्यक्षात तब्रीझमध्येच होते. रशियन आणि इंग्रज वकील वर्षाचा बराच काळ तिथे राहत. शहा दूर तेहरानला, नव्या जगाशी गाठ पडायची ती तब्रीझमध्ये. रशियाकडून मार खाल्ल्यावर अब्बास मिर्झाच्या लक्षात आले की जुन्या घोडदळाच्या बळावर तोफांपुढे टिकता येणार नाही. त्याने युरोपीय अधिकारी आणून कवायती फौज उभी केली, तरुणांना शिकायला इंग्लंडला पाठवले, तब्रीझमध्ये छापखाना आणला. त्याचे वजीर काइम मकाम, आधी बाप आणि मग मुलगा, हे त्या काळच्या इराणातले सर्वांत तल्लख कारभारी होते. खुस्रो मिर्झा १८१३ मध्ये या घरात जन्माला आला. त्याच वर्षी गुलिस्तानच्या तहाने इराणने काकेशसमधला मोठा मुलूख रशियाला दिला. हरलेल्या पण शिकू पाहणाऱ्या घरात त्याचे बालपण गेले.

दुसरे युद्ध १८२६ मध्ये सुरू झाले आणि त्याने उरलेसुरले बळही संपवले. ऑक्टोबर १८२७ मध्ये एरेवानचा किल्ला पडला आणि त्याच महिन्यात खुद्द तब्रीझ रशियनांच्या हाती गेले. खुस्रो तेव्हा चौदा वर्षांचा. फेब्रुवारी १८२८ मध्ये तुर्कमानचाय या गावी तह झाला. एरेवान आणि नखिचेवान गेले, अरास नदी सीमा ठरली, आणि युद्धदंड म्हणून दहा कुरूर तुमान द्यायचे ठरले. इराणी कुरूर पाच लाखांचा, तेव्हा हा आकडा पन्नास लाख तुमान, रशियन हिशेबाने दोन कोटी चांदीचे रूबल. त्या बदल्यात रशियाने अब्बास मिर्झाला इराणचा वारस म्हणून मान्यता दिली. हे कलम वाचताना मला नेहमी थांबावे लागते. ज्या शत्रूने त्याचा सुभा मोडला, त्याच शत्रूच्या शब्दावर आता त्याच्या गादीचा हक्क टेकलेला होता. भावांनी भरलेल्या त्या घराण्यात याचा अर्थ सर्वांना नीट कळत होता, आणि हा अर्थ पुढे खुस्रोच्या नशिबालाही चिकटून राहिला.

तहाचे एक कलम कैद्यांविषयी होते. दोन्ही युद्धांत इराणी मुलखात नेलेल्या रशियन प्रजेला परत जाऊ द्यावे, असे ते कलम सांगत होते. एरेवान आता रशियाचे झाल्याने तिथली माणसेही रशियाची प्रजा झाली, आणि त्यातली कित्येक इराणी सरदारांच्या घरांत वर्षानुवर्षे होती. तहाच्या वाटाघाटींत ग्रिबोयेदोवचा हात होता. तो आता राजदूत म्हणून आला तो हेच कलम अमलात आणायला आणि दंडाचे हप्ते वसूल करायला. येताना तिफ्लिसमध्ये त्याने जॉर्जियन कवी-सरदार चावचावाद्झे याच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीशी, नीनोशी लग्न केले. ती गरोदर होती म्हणून त्याने तिला तब्रीझमध्येच ठेवले आणि तो एकटा तेहरानला गेला.

तेहरानमध्ये शहाच्या जनानखान्यातला याकूब नावाचा खोजा वकिलातीत आश्रयाला आला. तो मूळचा एरेवानचा आर्मेनियन होता. तहाप्रमाणे घरी जाण्याचा त्याला हक्क होता. पण शहाच्या खजिन्याची आणि अंतःपुराची गुपिते त्याच्या पोटात होती. शिवाय शहाचा जावई अल्लाहयार खान याच्या घरातून दोन आर्मेनियन स्त्रियाही वकिलातीत आणल्या गेल्या. हाच अल्लाहयार खान तब्रीझ पडले तेव्हा रशियनांच्या कैदेत सापडला होता. जुने अपमान, दंडाचा बोजा, धर्मांतर केलेल्या स्त्रियांना परत नेले जात असल्याची बोलवा, सगळे एका ठिकाणी आले. मिर्झा मसीह या मुज्तहिदाने, म्हणजे धर्मशास्त्र्याने, स्त्रियांना सोडवण्याच्या बाजूने कौल दिला आणि ११ फेब्रुवारी १८२९ रोजी जमाव वकिलातीत घुसला. पहिला सचिव माल्त्सोव एवढा वाचला. ग्रिबोयेदोवचे प्रेत इतके विद्रूप झाले होते की एका जुन्या द्वंद्वयुद्धात जायबंदी झालेल्या हातावरून ते ओळखावे लागले.

या खुनांचे खापर कोणावर फोडावे यावर दीडशेहून अधिक वर्षे वाद चालला आहे. इंग्रजांनी फूस दिली असा आरोप रशियन लेखकांनी पुन्हापुन्हा केला. मला तो पटत नाही. आपल्या घरातून माणसे काढून नेली जात आहेत असे वाटणाऱ्या शहराला चिथवायला परक्या हाताची गरज नव्हती. पण म्हणून त्या दिवशी घडले त्याचे समर्थन होत नाही. राजदूताला अभय देण्याची रीत इराणात हजारो वर्षांची होती, ती शहाच्या राजधानीत, शहाच्या डोळ्यांदेखत मोडली गेली.

इंग्रजांचा विषय निघालाच आहे, तर मराठी वाचकाला ओळखीचा एक माणूस इथे भेटतो. तब्रीझमधला इंग्रज वकील जॉन मॅकडोनाल्ड ईस्ट इंडिया कंपनीने नेमलेला होता, आणि विधवा झालेली नीनो सुरुवातीला त्याच्याच घरच्या आश्रयाने होती. हा मॅकडोनाल्ड सर जॉन मॅल्कमचा साडू. मॅल्कम म्हणजे १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून शरणागती घेऊन त्याला आठ लाखांचा तनखा ठरवून देणारा, आणि १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर. त्याआधी तो तीनदा इराणला वकील म्हणून गेला होता आणि त्याने इराणचा मोठा इतिहास लिहिला होता. पेशवाई बुडवणारी आणि इराणच्या दरबारात वावरणारी माणसे एकाच गोतावळ्यातली होती. पुण्याचा शनिवारवाडा आणि तब्रीझचा दरबार यांच्यावर एकाच वेळी तेच डोळे रोखलेले होते, हे आपल्याकडचा इतिहास वाचताना सहसा ध्यानात येत नाही.

आता माफी मागायला कोणाला पाठवायचे? काकेशसचा रशियन सेनापती पस्केविच याचे म्हणणे होते की शहाच्या रक्ताचा माणूसच हवा. खुद्द अब्बास मिर्झाने जावे अशीही चर्चा झाली. पण युवराज गेला आणि तिथेच अडकला तर? थोरल्या मुलाला, मुहम्मद मिर्झाला पाठवावे, तर तो वारसाचा वारस. निवड खुस्रोवर आली. अब्बास मिर्झाचा तो सातवा मुलगा. माझ्या मते या निवडीत मोठा हिशेब होता. तो इतका जवळचा होता की त्याच्या जाण्याने सम्राटाचा मान राखला जाईल, आणि इतका लांबचा की तो परतला नाही तरी गादी उघडी पडणार नाही. काजार घराणे आपल्या मुलांना नाण्यासारखे वापरत असे. सुभा राखायचा असो, लढाई असो की भरपाई, थैलीतून एक काढून पुढे ठेवायचे. राजदूताच्या रक्ताचा सूड म्हणून त्या मुलाचा जीव घेतला जाऊ शकतो, ही भीती तब्रीझमध्ये नसेल असे मानणे अवघड आहे.

बरोबर दिलेली माणसे मात्र घराण्याने पारखून दिली. शिष्टमंडळाची सूत्रे होती अझरबैजानच्या फौजेचा प्रमुख अमीर निझाम मुहम्मद खान झंगने याच्याकडे. इंग्लंडमध्ये शिकून आलेला मिर्झा सालेह शिराझी होता. पुढे १८३७ मध्ये इराणातले पहिले वृत्तपत्र त्याने काढले. कवी फाझिल खान होता. प्रवासाची हकिकत लिहायला मिर्झा मुस्तफा अफशार होता. आणि कारकुनांत होता फराहानच्या एका स्वयंपाक्याचा मुलगा मिर्झा तकी. नावांत गोंधळ होऊ नये म्हणून एवढे सांगतो, की ‘मिर्झा’ नावानंतर आले तर राजपुत्र समजावा आणि नावाआधी आले तर लेखणीवर पोट असलेला माणूस.

१८२९ च्या वसंतात हे लोक तिफ्लिसवरून काकेशस पर्वत ओलांडून उत्तरेला निघाले. त्याच घाटरस्त्याने त्याच दिवसांत एक माणूस दक्षिणेला येत होता, तो पुश्किन. अर्झरूमच्या प्रवासवर्णनात त्याने लिहिले आहे, की वाटेत त्याची फाझिल खानाशी गाठ पडली. पौर्वात्य कवीशी बोलायचे म्हणून त्याने अलंकारांनी नटलेले लांबलचक स्वागत सुरू केले; खानाने साध्या, सभ्य माणसासारखे उत्तर दिले आणि पुश्किन ओशाळला. पुढे काही आठवड्यांनी, त्याच प्रवासात, दोन बैलांच्या गाडीतून चाललेली एक शवपेटी त्याला दिसली. तेहरानहून तिफ्लिसला नेली जाणारी ती ग्रिबोयेदोवची पेटी होती, असे तो सांगतो. एका प्रवाशाला आधी माफी मागायला निघालेले भेटले आणि मग ज्याच्यासाठी माफी मागायची तो भेटला. पुश्किनच्या या पानांवर टीकाकारांनी शंकाही घेतल्या आहेत, पण खानाच्या भेटीतला त्याचा संकोच मला अस्सल वाटतो. पूर्वेकडची माणसे कशी असतील याची एक ठरीव कल्पना घेऊन तो आला होता आणि समोरचा माणूस त्या कल्पनेत बसला नाही. खुस्रोच्या बाबतीत पीटर्सबर्गमध्ये हेच घडणार होते.

मॉस्कोत पोचल्यावर खुस्रो मिर्झा ग्रिबोयेदोवच्या आईला भेटायला गेला. तिथे तो रडला आणि त्याने तिची क्षमा मागितली. मुत्सद्देगिरीची कितीही सवय असली तरी सोळा वर्षांच्या मुलाने, ज्या बाईचा मुलगा आपल्या देशात मारला गेला तिच्यासमोर बसणे ही सोपी गोष्ट नाही. ही भेट सम्राटाच्या भेटीइतकीच महत्त्वाची होती असे मी मानतो. मॉस्कोच्या समाजाचे मन तिथून फिरले.

पीटर्सबर्गमध्ये त्याला तौरिद राजवाड्यात उतरवले गेले. २२ ऑगस्टच्या दरबारात त्याने शहाचे पत्र दिले, भाषण केले. सम्राटाच्या वतीने परराष्ट्रमंत्री नेसेलरोद याने उत्तर दिले आणि तेहरानची ती घटना कायमची विसरली जाईल असे आश्वासन मिळाले. पुढचे आठवडे शहर त्याच्यामागे लागले होते. मेजवान्या, नाटके, कवायती झाल्या, शाळा आणि कारखाने दाखवले गेले. दिसायला तो देखणा, वागायला मोकळा. त्याची चित्रे काढली गेली. आणि हाती काय आले? उरलेल्या दंडातला एक कुरूर सम्राटाने माफ केला, म्हणजे वीस लाख रूबल. दुसऱ्या कुरूराला पाच वर्षांची मुदत दिली.

एवढे औदार्य कशामुळे, याचे उत्तर त्या मुलाच्या गोड स्वभावात शोधू नये. रशिया तेव्हा तुर्कांशी लढत होता. पस्केविचने जुलैमध्ये अर्झरूम घेतले होते आणि बाल्कनमधले रशियन सैन्य दरबाराच्या आदल्याच दिवसांत एदिर्नेत शिरले होते. अशा वेळी इराणने तुर्कांशी हातमिळवणी केली असती तर पस्केविचची फौज दोन्ही बाजूंनी कचाट्यात आली असती. निकोलसला शांत इराण हवा होता आणि खुस्रो मिर्झाने त्याला तो विकत घेण्याची सन्मानाची संधी दिली. तरीही मुलगा उद्धट निघाला असता, घाबरला असता, तर ही संधी वाया गेली असती. परिस्थिती अनुकूल होती, पण ती पेलली त्याने.

त्याने नेलेल्या नजराण्यात मोती, शाली, गालिचे आणि फारसी हस्तलिखिते होती. या हस्तलिखितांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वर्षभरापूर्वी, युद्धाच्या शेवटी, रशियनांनी अर्दबील घेतले तेव्हा तिथल्या शेख सफीच्या दर्ग्याचा अमोल ग्रंथसंग्रह उचलून पीटर्सबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणला होता. आता शहाने भेट म्हणून पाठवलेले ग्रंथही त्याच ग्रंथालयात गेले. लुटून नेलेली पुस्तके आणि नजर केलेली पुस्तके आज एकाच छताखाली आहेत.

आणि त्या नजराण्यात एक हिरा होता, ज्याला आता ‘शाह’ म्हणतात. तो मॉस्कोत क्रेमलिनच्या रत्नसंग्रहात आहे. वजन ८८.७ कॅरट, लांबट, किंचित पिवळसर, एका टोकाजवळ दोरा बांधण्यासाठी कोरलेली खाच. त्याच्या तीन पैलूंवर फारसी लिपीत तीन राजांची नावे आहेत. शेवटचे नाव फतह अली शहाचे, वर्ष हिजरी १२४२, म्हणजे रशियाशी दुसरे युद्ध पेटले तो काळ. मधले नाव शहाजहानचे, हिजरी १०५१. आणि पहिले नाव आहे बुऱ्हाण निजामशहा दुसरा, हिजरी १०००, म्हणजे १५९१-९२.

बुऱ्हाण निजामशहा म्हणजे आपल्या अहमदनगरचा, आजच्या अहिल्यानगरचा सुलतान. भावाच्या राज्यात जीव सुरक्षित नाही म्हणून हा माणूस काही वर्षे अकबराच्या आश्रयाला होता. १५९१ मध्ये तो परत येऊन गादीवर बसला आणि त्या गादीच्या पहिल्याच वर्षी त्याने या हिऱ्यावर आपले नाव कोरून घेतले. हिऱ्यावर कोरायला हिऱ्याचीच पूड लागते, आणि एक अक्षर उमटायला कारागिराला किती दिवस घासत बसावे लागले असेल याची कल्पना करावी. निजामशाहीत फारसी ही दरबाराची भाषा होती; इराणातून आलेले विद्वान, सैनिक आणि कारभारी तिथे मोठ्या पदांवर होते. बुऱ्हाण १५९५ मध्ये वारला, पाठोपाठ वारसांचे तंटे माजले, चांदबीबीने किल्ला लढवला आणि १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले. हिरा मोगलांच्या खजिन्यात गेला. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली तेव्हा तो इराणला गेला. नव्वद वर्षांनी तो खुस्रो मिर्झाच्या सामानातून पीटर्सबर्गला पोचला. गादीसाठी भावाभावांत वैर असलेल्या तीन घराण्यांतून तो फिरला आणि ज्या मुलाने तो नेला त्याचाही घात भावानेच केला.

हा हिरा ग्रिबोयेदोवच्या रक्ताची किंमत होती, असे सर्रास लिहिले जाते. १९२० च्या दशकात युरी तिन्यानोवने ग्रिबोयेदोवच्या अखेरच्या वर्षावर कादंबरी लिहिली, तिच्यामुळे ही समजूत घट्ट झाली. मला ती चुकीची वाटते. शहाचा नातू सम्राटाकडे जाणार आणि रिकाम्या हाताने जाणार, हे त्या काळात शक्यच नव्हते. हत्याकांड झाले नसते तरी अशा शिष्टमंडळाबरोबर मोलाचे रत्न गेलेच असते. दंडातली सूट हिऱ्याने मिळाली नाही, ती तुर्की युद्धाने मिळाली. ‘रक्ताची किंमत’ म्हटले की गोष्ट रंगते, पण मग राजकारण दिसेनासे होते आणि तो मुलगाही.

खुस्रो परतला. तेहरानमध्ये रशियाच्या मागणीवरून मिर्झा मसीहला शहर सोडून जावे लागले होते आणि त्यावरूनही दंगल झाली होती. अब्बास मिर्झाची कामगिरी आता पूर्वेकडे वळली. उत्तरेत गेले ते परत मिळणार नव्हते. यझ्द, किरमान आणि मग खोरासान इथली बंडे मोडून त्याने आपली पत सावरायला घेतली. सप्टेंबर १८३२ मध्ये मशहदला आलेल्या एका प्रवाशाने लिहिले आहे, की बाप मोहिमेवर असताना शहराचा कारभार खुस्रो मिर्झा पाहत होता. हा प्रवासी अलेक्झांडर बर्न्स, मुंबईच्या फौजेतला अधिकारी. काबूल आणि बुखारा पाहून तो इराणमार्गे मुंबईला परत चालला होता. एकोणीस वर्षांचा सुभेदार आणि सत्तावीस वर्षांचा हेर-मुत्सद्दी समोरासमोर बसले. एकाने पीटर्सबर्ग पाहिले होते, दुसरा मध्य आशियाचे नकाशे घेऊन निघाला होता. रशिया आणि इंग्लंड यांची पुढच्या शतकभराची चढाओढ ज्या मुलखात चालणार होती, त्याच मुलखाच्या तोंडाशी ही भेट झाली.

त्यानंतर सगळे झपाट्याने कोसळले. ऑक्टोबर १८३३ मध्ये अब्बास मिर्झा मशहदला वारला, वय चव्वेचाळीस. वर्षभराने फतह अली शहा गेला. गादी अब्बास मिर्झाचा थोरला मुलगा मुहम्मद मिर्झाकडे आली. शिराझ आणि तेहरानमध्ये चुलत्यांनी बंडे केली, ती मोडली गेली. आणि सख्ख्या घरात नव्या शहाने काय केले? जहांगीर मिर्झा आणि खुस्रो मिर्झा हे दोघे भाऊ अर्दबीलच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे त्यांचे डोळे काढले गेले. आंधळा माणूस गादीवर बसू शकत नाही, हा त्यामागचा व्यवहार. खुस्रो तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा होता.

त्याचा अपराध काय, असे विचारले तर मी एकच उत्तर देईन. त्याला जे काम सांगितले ते त्याने उत्तम केले. रशियाचा शब्द ज्या राज्यात वारस ठरवतो, त्या राज्यात झारने हौसेने मिरवलेला भाऊ हा उद्याचा दावेदार असतो. पीटर्सबर्गमधले प्रत्येक आदरातिथ्य अर्दबीलच्या हिशेबात त्याच्याविरुद्ध धरले गेले. काइम मकाम त्या वेळी नव्या शहाचा वजीर होता; या निर्णयाचा डाग त्याच्यावरही आहे. जून १८३५ मध्ये त्याच शहाने त्याला गळा दाबून मारवले.

मिर्झा तकीचे मात्र वेगळे झाले. पीटर्सबर्गमध्ये त्या कारकुनाने शाळा, शस्त्रांचे कारखाने, सरकारी कचेऱ्या पाहिल्या. अझरबैजानच्या फौजेत तो वर चढत गेला आणि १८४८ मध्ये, मुहम्मद शहानंतर गादीवर आलेल्या तरुण नासिरुद्दीन शहाचा वजीर झाला. इराण त्याला अमीर कबीर म्हणते. तीन वर्षांत त्याने दरबारातले फुकट तनखे कापले, फौज शिस्तीत आणली, सरकारी वृत्तपत्र काढले आणि दार-उल-फुनून ही आधुनिक शिक्षणसंस्था उभारली. ती उघडायच्या आधीच दरबाऱ्यांनी त्याला पदावरून उतरवले होते, आणि जानेवारी १८५२ मध्ये काशानजवळ फीनच्या हमामखान्यात त्याच्या नसा कापल्या गेल्या. एकाच शिष्टमंडळातला राजपुत्र आणि कारकून, दोघांनाही त्यांच्या राज्यानेच मोडले. फरक एवढाच, की कारकुनाला तत्पूर्वी तीन वर्षे मिळाली.

आंधळा जहांगीर मिर्झा पुढे इतिहासकार झाला. त्याची ‘तारीख-ए-नव’ त्या काळासाठी अभ्यासकांना आजही लागते. खुस्रो मिर्झा १८७५ पर्यंत जगला. अंधत्वात चाळीस वर्षे. तेवढ्या काळात त्याचा पुतण्या नासिरुद्दीन शहा १८७३ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर निघाला. असा दौरा करणारा तो पहिला इराणी शहा. पीटर्सबर्गमध्ये त्याचेही मोठे स्वागत झाले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ती वाट चालून गेलेला चुलता तेव्हा साठीचा होता.

या पुस्तकाची प्रकरणे तब्रीझ, तिफ्लिस, मॉस्को, पीटर्सबर्ग, मशहद आणि अर्दबील अशी गावांच्या क्रमाने लावली आहेत. रशियन कागदपत्रांतल्या तारखा त्या काळी आपल्या आजच्या पंचांगापेक्षा बारा दिवस मागे होत्या. त्यामुळे वकिलातीवरचा हल्ला तिथे ३० जानेवारीला आणि हिवाळी राजवाड्यातला दरबार १० ऑगस्टला नोंदलेला सापडेल. इथे सर्व तारखा आजच्या पद्धतीने दिल्या आहेत. हिऱ्यावरची तीन वर्षे तेवढी हिजरीतच ठेवली आहेत, ती दगडावर तशीच कोरलेली आहेत म्हणून.